नडगीवरचा शिक्का

मंगळवार उजाडला की माळसूरच्या माळावर जत्रा भरायची. मुरुमहून रिक्षा, उमरग्याहून जीप, कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या आळंदकडून टमटम. प्रत्येक गाडीत मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंनी बायांनी धरलेली एक पोटुशी. गाडी थांबली की तिला अलगद उतरवायचं, चपला काढून घ्यायच्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीवर पाय लांब करून बसवायचं. अकरा वाजेपर्यंत तिथं तीस-चाळीस गरवार बाया ओळीनं बसलेल्या असत. लुगडी-साड्या गुडघ्यापर्यंत सरकवलेल्या, नडग्या उघड्या. वर पत्रा तापून तडतडत असे, पण कुणी जागचं हलत नसे.

"माता-भगिनींनो!" माइक खरखरायचा. "हितं फी न्हाय, सोनोग्राफीची लाईन न्हाय, रिपोर्टची वाट बघणं न्हाय! आईचा अंगठा म्हंजी दरबाराची मोहोर! ज्या नडगीवर उठली ती बाई मंजूर. तिचं बाळ आईच्या हवाली! ज्या नडगीवर न्हाय उठली, तिनं आपलं खुशाल दवाखान्यात जावं, सुया टोचून घ्याव्या!"

माइकवरचा माणूस म्हणजे गौरीशंकर. चार सालांमागं हाच आठवडी बाजारात उंदीर मारायचं औषध विकायचा. आवाज तोच, चालही तीच. माल तेवढा बदलला होता.

चौरंगावर बसलेली राजेश्वरीअक्का मात्र बोलायची नाही. पन्नाशीची, उंच, कपाळभर मळवट. ती उठायची, एकेका बाईपुढं येऊन बसायची. आधी बाईच्या तोंडाकडं बघायची, मग हाताकडं, मग पायाकडं. कुंकवात बुडवलेला अंगठा घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर टेकवायची आणि दाबायची. सगळं शेड ओरडायचं, "उदो! उदो! उदो!" नऊ वेळा. नवव्या उदोला अक्का अंगठा उचलायची.

बहुतेक बायांच्या पायावर नुसता लाल ठिपका राहायचा. अशी बाई मान खाली घालून उठायची. तिची सासू पुटपुटायची, "आईनं नाकारली गं." पण दहाबारा बायांत एखादी अशी निघायची की अंगठा उचलला तरी त्याचा ठसा जाग्यावर. कातडीत खोल वाटीसारखा खड्डा, त्यात कुंकू साचलेलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग शेडमध्ये जे काही व्हायचं ते बघवत नसे. बाया अंगावर कोसळायच्या, त्या पायाला डोकं लावायच्या. आळंदकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईचा कानडी आवाज फाटायचा, "नोडू! नोडू!" बघ, बघ.

प्रतीक्षानं हे पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या वहिनीच्या पायावर.

प्रतीक्षा कोंडीरामची धाकटी. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं आणि मुरुमच्या एका लहानशा लॅबमध्ये ती रक्त-लघवी तपासायला होती. थोरला भाऊ सुरज पुण्याला कंपनीत. त्याची बायको वैष्णवी, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. आठवा लागला की ओटी भरून तिला माहेरी, भूम तालुक्यातल्या ईटला, न्यायचं ठरलं होतं. सातव्यातच तिच्या दंडाला पट्टा लावून अयोध्याताई, म्हणजे गावची आशाताई, म्हणाली होती, "बीपी वाढलंय बाई. उमरग्याला दाखवा, गोळी चालू करा." गोळी चालूही झाली. आणि आठ दिवसांनी कोंडीराम सुनेला घेऊन माळावर आला.

अक्कानं अंगठा उचलला तेव्हा वैष्णवीच्या नडगीत पेरभर खड्डा पडला होता. गौरीशंकर उभ्या जागी नाचला. "मंजूर! मंजूर! अशी मोहोर साल झालं उठली न्हवती!"

गर्दी ओरडत होती, आणि प्रतीक्षा अक्काकडं बघत होती. अक्का त्या खड्ड्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. मग ती पहिल्यांदाच बोलली, हळू, "लई खोल हाय."

"ऐकलं का?" गौरीशंकरनं लगेच उचललं. "आता पाच मंगळवारचं व्रत! सुई न्हाय, गोळी न्हाय, मशिनचा पट्टा दंडाला लागू द्यायचा न्हाय. डोकं ठणकंल, डोळ्यापुढं काजवे येतील, बरगडीखाली कळ येईल, लघवी काळी व्हईल. भ्यायचं न्हाय! आतला विटाळ भाईर पडतोय असं समजायचं. ज्यानं मधीच गोळी दिली, त्याच्या घराला आई जबाबदार न्हाय!"

मग अक्कानं वैष्णवीच्या पायाला भंडारा चोळला, वरून तांब्यातलं तीर्थ ओतलं. परातीत पडलेलं पाणी रक्तासारखं लाल झालं. बायांनी डोळे मिटून हात जोडले.

घरी आल्यावर प्रतीक्षानं बापाच्या हातातली तंबाखूची चंची घेतली, चुन्याची डबी उघडली, वाटीभर पाण्यात नखभर चुना कालवला आणि चिमूटभर हळद टाकली. पाणी लाल.

"बघा आबा. रक्त बिक्त काही नाही. हळदीला चुना लागला की असंच होतं."

कोंडीरामनं वाटीत बोट घालून बघितलं. मेंढरं राखून, कोरडवाहू चार एकर कसून साठी गाठलेला माणूस. सहजासहजी फसणारा नव्हता, सहजासहजी वळणाराही नव्हता.

"बरं. पानी खोटं," तो म्हणाला. "आन् शिक्का?"

प्रतीक्षानं वाटी बाजूला सारली.

"तुझ्या पायावर उठतोय का? दाब बघू."

तिनं आपली नडगी दाबली. नऊपर्यंत मोजलं. अंगठा काढला. काही नाही.

"मग? शेडातल्या एवढ्या बायांत माझ्याच सुनेला का उठला?"

"पायाला सूज आहे म्हणून असंल. पण सगळ्याच पोटुश्या बायांचे पाय सुजतात... मला नीट माहीत नाही आबा."

"माहीत न्हाय म्हन्तीस, आन् खोटं बी म्हन्तीस."

"तुमची स्वतःची बीपीची गोळी रोज सकाळी घेता की! मग वैनीची का बंद?"

"मला आईनं कुठं शिक्का मारलाय? मारला असता तर म्याबी सोडली असती." एवढं बोलून तो उठला. दारात थांबून, पाठमोराच, म्हणाला, "तुझ्या आईला दवाखान्यात नेली होती. चालत्या गाडीत बोलत होती. तिथं नेली आन् तासाभरात गेली. म्या त्या पायऱ्या परत चढनार न्हाय."

प्रतीक्षाच्या जन्माच्या दिवशीची ती गोष्ट. तिच्यावर कुणाचं काय चालणार? तिनं पुण्याला फोन लावला. सुरज म्हणाला, "आबा म्हनतील तसं कर."

दुसरा मंगळवार गेला. अयोध्याताई दारात आली तर कोंडीरामनं तिला ओसरीवरूनच चहा पाजून परत लावलं. जाताना ती प्रतीक्षाला कोपऱ्यावर भेटली.

"माझ्या यादीतल्या तीन शिक्केवाल्या होत्या मागच्या साली. दोघी गेल्या. तिसरीचं बाळ पोटातच गेलं."

"मग लोक काय म्हणाले?"

"व्रत मोडलं म्हनले. चोरून गोळी खाल्ली आसंल म्हनले." अयोध्याताईनं पिशवी काखेत घट्ट धरली. "शेडात नवसाच्या साड्या बघितल्यास का किती लटकल्यात? लोकं त्या बघतेत. अगं, जगलेली बाई साडी घेऊन येती. मेलेली कशी येईल?"

घरात वैष्णवी बदलत होती. आधी तोंड सुजलं, मग डोळे बारीक झाले. बांगड्या हातात रुतल्या, साबण लावूनही निघेनात. जिथं काकण टेकायचं तिथं निळे-जांभळे वण उठू लागले. कुणी न मारता मारल्यासारखे. दात घासले की चूळ लाल. तिला सारखं वाटायचं की घरात काहीतरी जळतंय, धूर झालाय. "ताई, चुलीवर काय ठेवलंय का?" चूल गार असायची.

"वैनी, डोकं दुखतंय?"

"दुखतंय की. मामा म्हणले, दुखायलाच पायजे." ती हसायचा प्रयत्न करायची. "चांगलं चाललंय म्हणायचं आपलं."

तिसऱ्या सोमवारी दुपारी ती न्हाणीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "ताई, दिवसभरात एकदाच झाली. आन् कोऱ्या च्यासारखी झाली."

"विटाळ," ओसरीवरून कोंडीराम म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं, आणि समाधानाखाली दडपलेली भीतीही. प्रतीक्षाला ती ऐकू आली.

मंगळवारी पहाटे वैष्णवीला झालेली लघवी तिनं बाटलीत धरली, फडक्यात गुंडाळली आणि पहिल्या गाडीनं मुरुमला गेली. लॅबचं कुलूप उघडून, केर न काढताच तिनं पट्टी बुडवली. पट्टीवरचा प्रथिनाचा चौकोन पिवळा असतो. तो बघता बघता हिरवा आणि हिरव्याचा गर्द हिरवा झाला. शेजारचा रक्ताचा चौकोनही गडद. तिला पट्टीवर विश्वास बसेना. तिनं कॉलेजातली जुनी रीत केली. परीक्षानळीत थोडी लघवी घेतली आणि वरचा भाग ज्योतीवर धरला. उकळी फुटली आणि नळीत पांढरा साका धरला, अंडं उकडल्यावर बलक सोडून जे उरतं तसं. दोन थेंब आम्ल टाकून पाहिलं. साका विरघळला नाही.

तेवढ्यात लॅबचे मालक, शिवलिंगसर, आत आले. नळी तिच्या हातातून घेऊन त्यांनी उजेडाकडं धरली.

"कुणाची ही?"

"माझ्या वहिनीची. साडेसात महिने."

"लघवीचा रंग कधीपासून असा?"

"काल."

"मग तू इथं काय करतेस?" सर एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसत. "मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत. रक्तातल्या लाल पेशी फुटतायत, त्यांचा हा रंग. अंगावर वण आहेत? हिरड्यांतून रक्त येतंय? म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीही संपत चालल्यात. झटके यायच्या आत उमरग्याला ने. आज. आत्ता."

"सर, अंगठ्यानं दाबलं की पायात खड्डा का राहतो?"

सरांनी तिच्याकडं बघितलं. दोन मिनिटं आहेत की नाहीत याचा हिशेब केल्यासारखं. मग भरभर सांगितलं. ती ऐकता ऐकताच दाराबाहेर पडली.

घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "जीप करून माळावर गेले की. आज व्रताचा तिसरा मंगळवार." प्रतीक्षानं तोंडाला ओढणी बांधली आणि कुणाच्या तरी मोटारसायकलीवर मागं बसून माळ गाठला.

शेड गच्च भरलं होतं. वैष्णवी पुढच्या ओळीत, खांबाला टेकलेली. डोळे अर्धे मिटलेले. तिच्या पायावर भंडारा चोळून झाला होता. गौरीशंकर माइकवर होता. "बघा, काळी पडली लघवी! हाय का न्हाय परचीती? विटाळ निघाला!"

प्रतीक्षा ताडपत्रीवरून बाया ओलांडत पुढं गेली.

"आबा, उठा. वैनीला न्यायचंय."

"प्रतीक्षा, भाईर जा."

"जाते. आधी तुमचं धोतर वर करा."

"काय?"

"धोतर. गुडघ्यापर्यंत."

कुणीतरी फिसकन हसलं. गौरीशंकर माइक दूर धरून म्हणाला, "शिकलेल्या पोरी बापाचं धोतर सोडायला निघाल्या, बघा जमाना!" शेडभर हशा. त्या हशातच प्रतीक्षा खाली बसली. बापाचा उजवा पाय तिनं मांडीवर घेतला, धोतर सरकवलं. चौरंगाशेजारच्या कुंकवाच्या वाटीत अंगठा बुडवला आणि घोट्याच्या चार बोटं वर, हाडावर टेकवला.

"म्हणा की उदो. का माझ्या अंगठ्याला लाजता?"

मागच्या एका म्हातारीच्या तोंडून सवयीनं निघालं, "उदो..." मग दुसरीच्या. सात, आठ, नऊ.

तिनं अंगठा उचलला.

कोंडीरामच्या नडगीत खड्डा होता. वाटीसारखा. त्यात कुंकू साचलेलं. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं, खड्डा तसाच.

म्हातारी पुढं सरकली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "अगं बया! कोंडीरामा, तुला कितवा म्हैना रं?"

आता जे हसू फुटलं त्यानं पत्रा वाजला. पोटुश्या बाया पोट धरून हसल्या. गौरीशंकर ओरडत होता, "लीला! आईची लीला! पुरुषालासुद्धा..." पण पुरुषालासुद्धा काय, ते त्यालाच सुचेना.

कोंडीराम हसत नव्हता. तो आपल्या पायाकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि सरळ अक्काला विचारलं, "म्या उद्यापासनं बीपीची गोळी बंद करू का मग? पाच मंगळवार?"

अक्का म्हणाली, "तुमचं येगळं हाय."

"काय येगळं? अंगठा तसाच, जागा तीच, खड्डा तोच."

"आबा, यात देवी कुठं नाही," प्रतीक्षा म्हणाली. ती बापाशी बोलत होती, पण बाया ऐकत होत्या. "कातडीखाली पाणी साचलं की दाबल्यावर ते बाजूला सरकतं आणि परत यायला वेळ लागतो. मळलेल्या कणकेत बोट रुतवा, तसंच. तुमच्या पायात गोळीमुळं पाणी उतरलं असंल, नाहीतर दुसऱ्या कशानं, ते डॉक्टर सांगतील. वैनीच्या पायात उतरलं ते मूत्रपिंड बिघडलं म्हणून. रक्तातलं प्रथिन लघवीवाटे चाललंय, मग पाणी रक्तात थांबत नाही. शिक्का खरा आहे. पण तो मंजुरीचा नाही हो, तो धोक्याचा आहे! या बाईनं चाळीस जणींतून नेमकी तीच निवडली जिला दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज होती. आणि तिची गोळी बंद केली."

तिनं फडक्यातली बाटली काढून चौरंगावर ठेवली. उरलेली लघवी उजेडात काळपट लाल दिसली.

अक्कानं बाटलीकडं बघितलं. मग वैष्णवीच्या हातावरच्या वणांकडं. अक्काच्या ओठांवरचं रक्त गेल्यासारखं झालं. ती वाकली आणि कोंडीरामला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "हिला घेऊन जा. हितं नको. हितं काय व्हायला नको."

कोंडीराम तिच्याकडं बघतच राहिला.

"म्हंजी तुला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पुढं काय व्हतंय ते तुला आधीपासनं म्हाईत हाय."

त्यानं सुनेला दोन्ही हातांवर उचललं, लेकरासारखं.

जीप उमरग्याच्या रस्त्याला लागली तेव्हा बारा वाजले होते. वर ढग नव्हता, ऊन डोळ्यात शिरत होतं. प्रतीक्षाच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली वैष्णवी म्हणाली, "ताई, अंधार पडला का?"

ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबला.

दवाखान्याच्या पायऱ्या कोंडीराम धावत चढला. आतली डॉक्टरीण तरुण होती. तिनं पट्टा लावला, एकशे नव्वदचा आकडा बघून नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं आणि ते भरलं जाईपर्यंत वैष्णवीच्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा टेकवून दाबला.

कोंडीराम चमकला. "तुमी पन?"

"काय तुम्ही पण?"

"शिक्का..."

"आजोबा, सूज बघतेय. मेडिकलच्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतात." ती थबकली. "किती दिवसांपासून डोकं दुखतंय हिचं?"

"बारा-तेरा दिस."

"बारा दिवस?"

ती ओरडली नाही, रागावली नाही. तिनं फक्त ते लिहून घेतलं. कोंडीराम त्या पेनाकडं बघत उभा राहिला आणि एकदम, कुणी न विचारता, म्हणाला, "हिच्या सासूला झटके आले व्हते. लागीर म्हनून देवरुशाकडं ठिवली. दोन दिस. मग म्या दवाखान्यात आनली." बावीस वर्षं त्याला एवढंच आठवत होतं की दवाखान्यात नेली आणि गेली. त्याआधीचे दोन दिवस आज पहिल्यांदा त्याच्या तोंडातून बाहेर आले. "दोन दिस म्याच ठिवली व्हती."

उमरग्याहून अँब्युलन्सनं सोलापूर. त्याच संध्याकाळी पोट उघडून मुलगी काढली. साडेबाराशे ग्रॅमची, ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत. अशा आजारात बाळ बाहेर आलं की बहुतेक आया दोन-तीन दिवसांत सावरू लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वैष्णवी सावरली नाही. चौथ्या दिवशीही रक्त फुटतच होतं, लघवी थांबली होती, डायलिसिसचं मशिन लावावं लागलं.

"आता काय हाय हिला?" कोंडीरामनं विचारलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "अजून माहीत नाही. दोन-तीन शक्यता आहेत. रक्त पुढं तपासायला पाठवलंय."

कोंडीराम बाहेर येऊन प्रतीक्षाशेजारी बसला. "एवढा मोठा डॉक्टर, आन् म्हनतो म्हाईत न्हाय."

"हो."

"अक्काला तर सगळं म्हाईत असायचं."

"हो आबा."

तो उठला, परत बसला. मग म्हणाला, "तूबी त्या दिशी म्हनली व्हतीस. म्हाईत न्हाय. आन् मग जाऊन बघून आलीस."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना माहीत झालं. हजारो बाळंतपणांत एखादीला होणारा रक्ताचा आणि मूत्रपिंडाचा आजार. बारीक बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यांवर आपटून लाल पेशी फुटतात आणि मूत्रपिंड चोंदतं. वैष्णवीच्या रक्तातला द्रव काढून निरोगी माणसांचा द्रव भरला, पुन्हा पुन्हा. अकरा वेळा डायलिसिस झालं. बाराव्याची तयारी असताना नळीत लघवी उतरली, पेलाभर, फिकट पिवळी. नर्सनं ती पिशवी उजेडाकडं धरून कोंडीरामला दाखवली तेव्हा त्यानं तिला हात जोडले. ती घाईघाईनं म्हणाली, "मला नको हो आजोबा, मला नको."

मुलगी काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत आली. पण वैष्णवीचं मूत्रपिंड पुरतं भरून आलं नाही. वैष्णवीला गोळ्या आणि तपासण्या आता जन्मभर. आठवडाभर आधी आणली असती तर? डॉक्टरांनी याही प्रश्नाला खरं तेच उत्तर दिलं. "हा आजार टळला असता असं नाही म्हणत. पण एवढं नुकसान कदाचित झालं नसतं."

सोलापूरच्याच एका जुन्या सिस्टरला राजेश्वरीचं वर्णन सांगितल्यावर ती म्हणाली, "उंच, कमी बोलणारी? आमच्याबरोबर एका खासगी बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. डॉक्टर राउंडला आले की पाय उघडे करून ठेवायचं काम तिचंच." दहा-अकरा वर्षं तिनं डॉक्टरांचा अंगठा बघितला होता. कुठं टेकवायचा, किती दाबायचा. ज्या पायात खड्डा राहतो त्या बाईचं डोकं दुखतं, डोळे अंधारतात, लघवी काळी होते हेही बघितलं होतं. गौरीशंकरच्या माइकवरची ती यादी तिथून आलेली. अर्धी विद्या तिनं नेमकी उचलली. खड्डा पडला की डॉक्टर पुढं काय करतात, तेवढं सोडून.

पोलिसांत जबाब झाले. जादूटोण्याच्या कायद्याखाली गौरीशंकरला नेलं, तो जामिनावर सुटून आला; अक्का हाती लागली नाही. माळावरचं शेड एका रात्रीत उतरलं. नवसाच्या साड्या कुणी नेल्या कळलं नाही. मग महिन्याभरानं अयोध्याताईनं बातमी आणली की सीमेपलीकडं, आळंदच्या वाटेवर, एका वावरात पत्रे उभे राहतायत. मंगळवारी तिकडं जीप भरून चालल्यात.

आता मंगळवारी सकाळी कोंडीराम पहिल्या गाडीनं आळंदची वाट फुटते त्या फाट्यावर जातो. लिंबाखाली सतरंजी टाकतो. कधी अयोध्याताई दंडाचा पट्टा घेऊन बरोबर असते, कधी प्रतीक्षा. जीप थांबली, मधल्या सीटवरची पोटुशी खाली उतरली की तो धोतर गुडघ्यापर्यंत सरकवतो आणि उजवा पाय लांब करतो. डॉक्टरांनी त्याची गोळी बदलून दिली. सूज निम्म्यानं उतरली, पण अजून पुरती गेलेली नाही.

"दाब पोरी," तो म्हणतो. "लाजू नगं. नऊ मोज."

बाई सासूकडं बघते. सासू या म्हाताऱ्याकडं. कुणी शिव्या देऊन निघून जातं. कुणी दाबतं. अंगठा उचलला की खड्डा दिसतो, आणि बाईचं तोंड उघडं राहतं.

"दिसला? आता ह्यो काय मला पोर व्हनार म्हनून पडला का?" तो म्हणतो. त्याला हसू येत नाही, पण समोरच्यांना येतं. ते हसून झाले की तो पाय आखडून घेतो आणि पुढचं सांगतो. "आता तुझी नडगी तूच दाब. खड्डा न्हाय पडला तरी दवाखान्यात जा, तपासून घे. खड्डा पडला, डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारलं, लघवी काळी झाली, तर जेवायलासुद्धा थांबू नगं. जो म्हनतो मला सगळं म्हाईत हाय, त्याच्याकडं जाऊ नगं. जो म्हनतो थांब, तपासून सांगतो, त्याच्याकडं जा. म्या दोन दिस थांबलो एकीसाठी. दुसरीसाठी बारा. ह्याच्या पल्याड माझ्याकडं सांगन्यासारखं कायबी न्हाय."

मागच्या मंगळवारी चार जीप आल्या. तीन तशाच पुढं गेल्या. एक फाट्यावरून वळली, उमरग्याकडं.